खळ्यावरचा भाव

माघ सरत आला की मला कडब्याचा वास येतो. घरात कडब्याची एक काडी नसते. आमच्या बिऱ्हाडाच्या आसपास ना गोठा, ना गुरं. खाली शिवणाचं दुकान आणि शेजारी दाताचा दवाखाना. तरी दुपारचं वारं सुटलं, खिडकीच्या गजांवर बारीक धूळ बसली, की तो कोरडा, जरासा गोडसर वास कुठून तरी येतोच. पूर्वी मी सुनेला विचारायची, "तुला येतो का गं वास?" ती बिचारी मनानं चांगली, उठून गॅस बघून यायची. आता मी विचारत नाही.

परवा वाण्याकडे ज्वारी घ्यायला उभी होते. माझ्या पुढची बाई त्याच्याशी हुज्जत घालत होती. "अहो, गेल्या महिन्यात एवढा नव्हता की भाव." वाणी ज्वारीत हात घालून तसाच उभा. "मावशी, भाव मी ठरवतो का? वरून येतोय." वर म्हणजे कुठं, ते त्याला ठाऊक नव्हतं आणि तिलाही. जन्मभर मी हेच ऐकत आले आहे. लढाईच्या दिवसांत रेशनच्या रांगेत उभी राहिले तेव्हा भाव वरून आला होता, सरकार शेतकऱ्यांकडून लेव्हीची ज्वारी गोळा करत होतं तेव्हाही वरूनच. पण लहानपणी मी एक असा भाव पाहिला आहे, जो बैलगाडीत बसून, पोत्यांच्या शेजारून, आमच्या दारापर्यंत यायचा. तो गेला कसा हे मला माघात आठवत राहतं, आणि आठवलं की दिवसभर काही सुचत नाही.

आम्ही तेव्हा सोलापुरात साखर पेठेत राहायचो. पुढं एक खोली, मागं एक, आणि दोन्हींच्या मध्ये आबांचा वर्तमानपत्रांचा ढीग. आबा म्हणजे माझे वडील. एका कापडगिरणीत ते कामगारांची हजेरी मांडायचे आणि घरी आल्यावर सरकारची. कुठं काय चुकलं, कुठं काय व्हायला पाहिजे होतं, हे सगळं त्यांना तोंडपाठ. आई चुलीपुढं बसून "व्हय, व्हय" करायची. तिचं लक्ष तव्यावर असायचं. गल्लीत बहुतेक घरं तेलुगू विणकरांची. उजाडलं की मागांची खटखट सुरू व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत थांबायची नाही. तिची इतकी सवय होती, की सणाच्या दिवशी माग बंद असले तर आम्हाला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

आईचं माहेर नातेपुत्याच्या अलीकडचं. वर माळावर मेंढरं आणि खाली ओढ्यापर्यंत काळी रानं. तिथून शिमग्याच्या सुमाराला ग्यानबामामाची गाडी यायची. मामा आईचा थोरला भाऊ. गल्लीच्या तोंडाशी घुंगरं वाजली की आई हातातलं काम टाकून उठायची. एरवी ती कधी धावली नाही. त्या दिवशी मात्र पदर खोचत उंबऱ्यापर्यंत धावायची, आणि तिथं पोचल्यावर उगाच सावकाश चालल्यासारखं करायची. मामा वाटेत मुक्काम करत आलेला असायचा, मिशांवर धूळ, डोळे लाल. पोती आत गेल्याशिवाय तो पायरी चढायचा नाही. मग आई पोत्याचं तोंड सोडून मूठभर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, हातावर घ्यायची, एक दाणा दाताखाली धरायची आणि म्हणायची, "वाळलाय चांगला." मामा म्हणायचा, "मग? तुला वला देतू का?" एवढं झालं की दोघं हसायची. तो आल्याचा आणि तिनं वाट पाहिल्याचा सगळा मजकूर त्यात बसायचा.

मामाच्या घरची एक रीत होती. मळणी होऊन खळ्यावर रास पडली, नारळ फुटला, की पहिली पायली घरच्या लेकीच्या नावानं बाजूला काढायची. ती आईची. तिला भाव नव्हता. फडक्यात बांधून ती वेगळी यायची आणि पाडव्याच्या दिवशी तिच्या भाकरी व्हायच्या. बाकीची पोती आम्ही विकतच घ्यायचो, कारण आबांना फुकटचं चालायचं नाही आणि मामाचंही घर त्याच रानावर चालायचं. पण भाव ठरायचा तो राशीपाशी. त्या दिवशी मामा जो भाव मनाशी धरायचा तोच आमचा. गाडी सोलापुरात पोचेपर्यंत बाजार चढला तरी तोच आणि पडला तरी तोच. महागाईच्या साली आमचं साधायचं, स्वस्ताईच्या साली मामाचं, आणि कुणी कुणाला ते बोलून दाखवायचं नाही. आई याला खळ्यावरचा भाव म्हणायची.

शेजारच्या नरसम्माला याचं फार अप्रूप. तिच्या घरी मजुरी आठवड्यानं यायची, म्हणून ज्वारीही आठवड्यानंच. "तुमचं बरं हाय अक्का," ती म्हणायची, "दुकानदाराचं तोंड बघायचं काम न्हाई." तिची ओढाताण झाली की ती सूप घेऊन आमच्या मागल्या दारी यायची. आमची कणगी म्हणजे बांबूच्या कामट्यांची, शेणानं लिंपलेली, माझ्या डोक्याहून उंच. आई तिच्यातून ज्वारी काढून शिगोशीग माप नरसम्माच्या सुपात ओतायची. सवडीनं नरसम्मा तितकीच ज्वारी परत आणायची. मध्ये बाजार किती वर-खाली झाला, याची चौकशी दोघींनी कधी केली नाही.

एका सुगीला मला आईबरोबर तिकडं जायला मिळालं. पहाटेचं गार खळं, शेणानं सारवलेलं, पायाला गुळगुळीत. मधल्या मेढीभोवती बैल फिरत होते आणि त्यांच्या खुरांखाली कणसं चुरचुरत होती. ऊन वर आल्यावर मामा तिवईवर चढला आणि सूप खांद्याशी धरून वाऱ्याची वाट बघत राहिला. वारं पडलेलं. सगळे आपापल्या जागी बसले. कुणी तंबाखू मळली, कुणी पाठ टेकली. मला वाटलं, हे रागावतील, घाई करतील. पण वारं येईल तेव्हा येईल, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते आलं तेव्हा भुसकट एका अंगाला उडत गेलं आणि दाणे मामाच्या पायाशी सरळ पडले. आई राशीजवळ बसून होती. तिच्या केसांत, पापण्यांवर कोंडा. इतकी निवांत मी तिला सोलापुरात कधी पाहिली नाही.

पुढं मंदी आली. मला त्या शब्दाचा अर्थ कळत नव्हता. कळायचं ते एवढंच, की बाजारात ज्वारी स्वस्त झाली आणि गल्ली खूष झाली. नरसम्मा एका वेळी दोन-दोन आठवड्यांची ज्वारी आणू लागली. "असंच राहिलं पायजे," सगळे म्हणायचे. ती ज्यानं पिकवली त्याचं काय होत असेल, हा विचार तेव्हा आमच्या गल्लीत कुणाच्या मनाला शिवला नसावा. शिवायला पाहिजे होता तो आमच्या घरात.

त्या साली मामाची गाडी आली तेव्हा आबा घरीच होते. दोघं जेवायला बसले. आबांचा स्वभाव वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. पण जे वाचलं, ऐकलं ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. ते सहज म्हणाले, "ग्यानबा, मंगळवार पेठेत भाव आणखी खाली गेलाय, ठाऊक आहे ना?"

मामाचा हात भाकरीवरच थांबला. "आसं? मग बाजारभावानंच धरू की, दाजी."

"अहो, मी तसं म्हटलं नाही. बातमी सांगितली."

"बराबर हाय की. तुमी का म्हून जादा द्यायचं?"

चुलीजवळून आई म्हणाली, "दादा, खळ्यावरचा भाव घे."

"आगं, खळ्यावर औंदा भावच न्हवता," मामा हसत म्हणाला. "घेनाराच आला न्हाय खळ्यावर."

आबांनी पुष्कळ आग्रह केला. मामानं ऐकलं नाही. बाजारभाव घेतला, पान खाल्लं, माझ्या हातावर नेहमीसारखा बत्ताशाचा पुडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गाडी जुंपली. भांडण नाही, रुसवा नाही. त्यामुळं काही मोडलं आहे हे आम्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आईच्या आलं असावं. ती त्या दिवशी उगाच जात्याभोवतीचं पीठ पुन्हा पुन्हा झाडत बसली होती.

त्याच सुमाराला सरकारनं बाहेरून येणाऱ्या साखरेवर जबर जकात बसवली. आबांना स्वर्ग दोन बोटं उरला. लांबच्या जावा बेटाची साखर या देशात का खायची, यावर ते कित्येक वर्षं बोलत होते, आणि बोलता बोलता तीच साखर चहात ढवळत होते, कारण ती स्वस्त होती. जकातीची बातमी आली त्या दिवशी त्यांनी आईला शिरा करायला लावला. डब्यात साखर होती ती जाव्याचीच. परदेशी साखरेच्या निरोपाचा शिरा तिच्याच जिवावर झाला. नरसम्मालाही वाटीभर गेला. आबा म्हणाले, "आता बघा, आपल्याकडे कारखाने निघतात की नाही." ते निघाले, त्यांचं म्हणणं खरं झालं. तितकी स्वस्त साखर मात्र आमच्या घरात परत कधी आली नाही.

पुढच्या सुगीला मामा आला तो विचारात पडलेला. नीरेचा पाट त्याच्या रानातून गेला होता. "पानी हाय," तो म्हणाला, "पर पानीपट्टी भराया लागती, आन् शाळूच्या भावात ती निघत न्हाय. कारखान्याची मानसं यिऊन गेली. ऊस लावा म्हनत्यात. काय करू, दाजी?"

आबा मांडी बदलून बसले. असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "मग विचार कसला करताय? लावा ऊस. जकात आहे तोवर उसाला मरण नाही. शाळूला कोण विचारतंय आता?"

"आन् आपल्याला शाळू?" आईनं विचारलं.

"शाळू काय, कुठंही मिळतो. सोलापुरात राहून शाळूची काळजी?"

 आबांना ओलांडून आई सरळ भावाशी बोलली. "दादा, वढ्याकडचा तुकडा तरी ठिव."

"ठिवतो की," मामा म्हणाला. "तुज्यापुरता ठिवतो."

मी आबांना दोष देत नाही. पुष्कळ वर्षं दिला, मग थकले. त्यांचं एकेक वाक्य घेतलं तर खरंच होतं. ज्या मुलखात पावसाकडं बघून डोळे शिणत होते तिथं पाणी आलं. मामाच्या घरावर कौलं चढली, त्याचा मुलगा अकलूजला शाळेत राहिला. देशाची साखर देशात झाली. यातल्या कुठल्या गोष्टीला नको म्हणायचं? पाट काढणाऱ्यानं सोलापुरातल्या एका बाईचं माहेर डोळ्यांपुढं ठेवून पाट काढायचा नसतो, हे मलाही कळतं. कळूनही हळहळ जात नाही. जकात बसवणाऱ्याला, पट्टी लावणाऱ्याला, कारखाना काढणाऱ्याला सगळ्यांना आपापला हिशेब होता. आईचा हिशेब त्यातल्या कुणाच्याच कागदावर नव्हता.

ओढ्याकडचा तुकडा मामानं शब्दाप्रमाणे ठेवला. तिथला शाळू अजून काही सुग्या आला. पोती कमी, पण फडक्यातली पायली मात्र भरलेली. मग चहूकडच्या उसाला पाणी पाजून पाजून तो तुकडा पाझरायला लागला. शाळूला कोरडी थंडी लागते, पायाशी पाणी चालत नाही. उभं पीक पिवळं पडलं. त्या शिमग्याला घुंगरं वाजली नाहीत. गावच्या कुणाबरोबर तरी मामानं गुळाची ढेप पाठवली. गूळ चांगला होता, पिवळाधमक, रवाळ. आईनं तो फोडला, गल्लीत वाटला, आम्हाला दिला. तिच्या नावानं वेगळं असं त्यात काही नव्हतं. उसाची रास पडत नाही. तोडला, गाडीत भरला, कारखान्याला गेला. त्यातून लेकीची पहिली पायली काढणार कशी? कुणी काढायची नाही असं ठरवलं नव्हतं. ती जागाच राहिली नाही.

आता आईला दुकानदाराचं तोंड बघायची वेळ आली. एका साली पाऊस तुटका झाला, आणि कळलं की ज्या रानांतून सोलापूरला गाड्या यायच्या त्यांतली कितीतरी आता उसाखाली आहेत. ज्वारी लांबून येऊ लागली. कधी दोन वर्षं कोठारात दडपलेली. तिच्या पिठाला विरी नसायची. थापताना भाकरी कडेनं फाटायची आणि आई ओल्या बोटानं ती सांधत बसायची. नरसम्मा सूप घेऊन येई तेव्हा आई तिला अजूनही देत होती. पण माप भरलं की ती त्याच्यावर तळहात फिरवून सपाट करू लागली. नरसम्मानं ते पाहिलं. तीही परत आणताना सपाट माप आणू लागली. दोघींचं बोलणं पूर्वीसारखंच चाले, फक्त त्या वेळी त्या एकमेकींकडं बघत नसत.

एके संध्याकाळी आबा वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाले, "शाळूचा भाव चढलाय म्हणे." आई पीठ मळत होती. "व्हय," ती म्हणाली, "कुटंबी मिळतो म्हनला हुता न्हवं?" लग्नानंतर इतक्या वर्षांत आबांना टोचेल असं ती बोलली ते हे एवढंच. आबांनी कागदाची घडी घातली आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मला त्यांची दया आली. त्यांना शाळूतलं कळत नव्हतं असं नाही. आपल्या ताटात तो कुठल्या वाटेनं येतो, याकडं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. गल्लीत बघितलं होतं कुणी?

आई मात्र शिकली. चैत्रात नवी ज्वारी बाजारात उतरली की ती स्वतः जाऊन उभी राहायची. चार दुकानं हिंडायची, दाणा चावायची, घासाघीस करायची आणि भाव जरा खाली आला की पोटाला चिमटा घेऊन जास्तीचं पोतं घ्यायची. कणगी पुन्हा भरली. बिनओळखीच्या रानांतल्या ज्वारीनं भरली, पण भरली. आई तिच्यात कडुनिंबाचा पाला घालायची, वरून शेणानं तोंड लिंपायची आणि हात धुताना म्हणायची, "झालं बाई एकदाचं." तिच्या आवाजात सुटका असायची. पूर्वी त्या दिवशी तिच्या आवाजात सण असायचा.

आणि मग एका माघाच्या शेवटी घुंगरं वाजली. त्या साली रब्बी हातची गेली होती, बाजार कडाडला होता. आई उठली, धावली, उंबऱ्याशी थांबली. मामाच होता. मागं गाडी रिकामी. साट्यात घडी घातलेली मोकळी पोती, आणि एका कोपऱ्यात जेमतेम टेकलेलं एक भरलेलं.

"बाजारला आलो हुतो," मामा म्हणाला. पायरीशी उभा राहून त्यानं डोईचं मुंडासं काढलं, परत बांधलं. "आमच्याकडं ज्वारी न्हाय. समदीकडं ऊस. कारखान्याला मानूस लई आलंय, समद्यास्नी भाकर लागती. तितला दुकानदार तोंड बघून भाव सांगतो. म्हनलं, सोलापुरात मिळंल. हितं बी आज लई चढलाय. एकच पोतं घेतलं."

आईनं त्याला पाणी दिलं. जेवायला घातलं. जेवताना कुणी ज्वारीच्या भावाचं नाव काढलं नाही; आबा तर खाली मान घालून जेवत होते. आमच्याकडं भाऊ बहिणीच्या घरचं फुकट नेत नाही; बहिणीनंही भावाला काही विकायचं नसतं. दोघांनाही हे ठाऊक, त्यामुळं ताटं उचलली तरी दोघं तशीच बसून राहिली.

शेवटी आई उठली. कणगीचं लिंपलेलं तोंड तिनं विळ्यानं उकरलं आणि मामाचं मोकळं पोतं पुढं ओढून मापानं ज्वारी घालायला सुरुवात केली. मला वाटलं, हात फिरवेल. तिनं फिरवला नाही. प्रत्येक माप शिगेचं, दाणे बाजूनं ओघळत होते आणि ती ओघळू देत होती. दोन पोती भरली तेव्हा कणगीत हात घातला तर तळाला लागत होता.

"भाव सांग," मामा म्हणाला.

आईनं चैत्रात घेतला होता तो भाव सांगितला.

"आज बाजारात काय हाय त्यो सांग."

"मी बाजार न्हाय, दादा."

मामानं कनवटीचे पैसे काढले. मला वाटलं, आई हात मागं घेईल, रडेल, काहीतरी होईल. तिनं पैसे घेतले आणि न मोजता पदराच्या गाठीला बांधले. तेव्हा मला तिचा राग आला. भावाकडून पैसे घेते म्हणून आला. ते तिनं घेतले नसते तर तो पुन्हा कधीही दारात आला नसता, हे उमगायला मला माझं स्वतःचं माहेर सुटावं लागलं.

पोती गाडीत चढवायला आबाही गेले. त्यांना सवय नव्हती. मामा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या दाजी," तरी त्यांनी खांदा सोडला नाही. नरसम्मा मागाजवळून उठून दारात आली आणि भरलेली गाडी गल्लीतून बाहेर निघालेली बघत राहिली. आजवर तिनं ती आत येताना पाहिली होती. 

आई गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, मी तिच्या मागं. तिथं मामा खाली उतरून बैलाच्या मानेची जोती सारखी करत होता. आई बराच वेळ नुसती बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. मग म्हणाली,

"फुडल्या साली आदी सांगावा धाड, दादा. चैतात भाव उतारतो, तवा तुजं बी घिऊन ठिवीन."

मामा वाकलेला होता. वर न बघताच तो "बरं" म्हणाला.